अंदाजे तीस

व्हिडिओत फ्रेम किती हे सांगणारा पाच ओळींचा प्रोग्राम लिहिता आला की माणूस स्वतःला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरच्या शास्त्रज्ञांचा धाकटा भाऊ समजू लागतो. मी तर समजतोच. तिकडे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना पल्सार ताऱ्यांचे ठोके टिपतात. इकडे मी फाइलच्या लांबीला फ्रेमरेटने गुणतो आणि आलेल्या आकड्याकडे शोध लावल्यासारखा पाहतो. वास्तविक मी काहीच मोजलेलं नसतं. फाइलने स्वतःबद्दल जे लिहून ठेवलंय, त्यावर विश्वास टाकलेला असतो. ओपनसीव्हीसारखी नावाजलेली लायब्ररीही पुष्कळदा एवढंच करते, हा माझा मोठा आधार.

बरं, तो फ्रेमरेटही सरळ नसतो. 1953 साली अमेरिकेने टीव्हीला रंग दिला, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीत लुडबुडू नये म्हणून सेकंदाला 30 चित्रांचा वेग किंचित उतरवला. झाले 29.97, नेमकं सांगायचं तर 30000 भागिले 1001. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून दूरदर्शनची चित्रं 25, सुटसुटीत. तरीही तो परका अपूर्णांक आज आमच्या जुन्नरच्या संगणकातही बिऱ्हाड करून आहे. त्याला 30 समजून चाललं की तासाला सुमारे 108 फ्रेमचा घोळ होतो. अख्खी जपमाळ ओढायची आणि पुण्य शून्य!

एवढ्याने कुणाचं काय अडलं? फ्रेमरेट म्हणजे शेवटी सरासरीच, आणि सरासरी तर खोडदलाही काढतात. पल्सारचे हजारो ठोके एकावर एक रचतात. खरं आहे. पण तिथे आवर्तनकाळ जरा चुकला तरी ठोका पसरट होतो, म्हणून आधी काळाची खात्री आणि मग सरासरी. 2023 मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जाहीर झाला, त्यात खोडदच्या अशाच निरीक्षणांचा वाटा होता. इकडे मोबाइलच्या व्हिडिओचा तर पुष्कळदा वेगच स्थिर नसतो. नारायणगावचा तमाशा रात्री रंगतो; उजेड कमी पडला की बरेच फोन सेकंदाला 30 पेक्षा कमी फ्रेम टिपतात. त्या सुट्या काढून 30 च्या वेगाने पुन्हा बांधल्या की चित्र आधी संपतं: पाय थांबतात, ढोलकी वाजतच राहते. एखाद्या कलावतीचं तेवढंच चित्रण मागे उरणार असेल, तर ती तालात कच्ची होती अशी खोटी साक्ष आपला गुणाकार कायमची देऊन ठेवतो. इथे मला हसू येत नाही, रागच येतो.

प्रत्येक फ्रेम उलगडून मोजायला वेळ लागतो, हा आक्षेपही निम्माच खरा. साध्या एमपी4 फाइलमध्ये फ्रेमच्या कालावधींचं कोष्टक असतं. ते न उलगडता वाचता येतं. फाइल अर्धवट तुटलेली असेल तर मात्र मोजण्याला पर्याय नाही. तेवढाही धीर नसेल तर खुशाल गुणाकार करावा, पण उत्तरापुढे ‘अंदाजे’ छापावं. प्रोग्रामची ती सहावी ओळ. लिहायला सर्वांत सोपी, आणि आमच्यासारख्या धाकट्या भावांना सर्वांत जड.