ऐकीव पुरावा

आमच्या शेजारच्या नानांनी आजवर एकही सिरीयल बघितलेली नाही. हे मी त्यांच्याच तोंडून दिवसातून दोनदा तरी ऐकतो, त्यामुळे त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. शंका येते ती पुढच्या वाक्याने. "मी काही बघत नाही हो," एवढ्यावर नाना थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण ते पुढे म्हणतात, "तरी काल त्या अर्जुनने जे केलं, ते काही बरोबर नाही."

नाना कल्याणच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. प्लंबर "उद्या येतो" म्हणाला की ते "पुढची तारीख पडली" म्हणतात. घरात कात्री सापडेना झाली की आधी पंचनामा होतो, मग शोधाशोध. त्यामुळे सिरीयल बघण्याच्या आरोपावरचा त्यांचा बचावही कच्चा नाही. "लावते ती. घर दीड खोल्यांचं. मी काय कान काढून खुंटीला टांगू? मला जे माहीत आहे ते सगळं ऐकीव. आणि ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही."

संध्याकाळी सात ते दहा काकू टीव्हीसमोर असतात आणि नाना टीव्हीला काटकोनात. हातात पेपर, पेपरात शब्दकोडं. तीन तासांत साधारण चार शब्द सुटतात. एकदा त्यांचं कोडं अडलं म्हणून मी डोकावलो. 'एक फूल, तीन अक्षरी' याचं उत्तर नानांनी ठळक अक्षरात 'शेवंता' असं भरलं होतं. 'रात्रीस खेळ चाले'मधले अण्णा नाईक आणि शेवंता तेव्हा रोज रात्री घरोघर येत असत. 'शेवंती' हवं, असं मी सुचवलं. नाना म्हणाले, "छापणाऱ्याची चूक आहे."

कोर्टाचं काम असलेली सिरीयल आली की मात्र नानांना काटकोन झेपत नाही. 'ठरलं तर मग' २०२२च्या डिसेंबरात सुरू झाली आणि नानांची झोप उडाली. आश्रम चालवणारे मधुभाऊ खुनाच्या आरोपाखाली आत, त्यांना सोडवायचं म्हणून सायलीने वकील अर्जुनशी करार करून लग्न केलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात. "करार अधिनियम १८७२, कलम २३! लोकनीतीच्या विरुद्ध करार मुळातच रद्दबातल. ठरावीक मुदतीचं लग्न कागदावर लिहून देता येत नाही. आणि हे लिहून देतोय कोण, तर वकील! याची सनद जायला हवी."

"पण नाना, तुम्ही तर बघत नाही."

"बघायला कशाला हवं? कान आहेत ना."

सिरीयलमधल्या एकूणच कोर्टांवर त्यांचा राग आहे. "साक्षीदार दार ढकलून आत येतो आणि ओरडतो, थांबा! अरे, पुकारा झाला का? पट्टेवाला काय चहाला गेला? यादीत नाव नाही, समन्स नाही, थेट पिंजऱ्यात! आणि अख्ख्या दिवसात एकच खटला? आमच्या बोर्डावर साठ-साठ मॅटर असायची. शिरस्तेदार तर एकाही सिरीयलमध्ये दाखवत नाहीत. मग रोजनामा लिहितो कोण, ती सासू?" मग जरा शांत होऊन ते न्यायबुद्धीने म्हणतात, "एक मात्र खरं दाखवतात. निकाल लागत नाही."

काळाचा हिशेब हा त्यांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांवर भाग. "नावात चार दिवस आणि अकरा वर्षं कामकाज. एवढी चिकाटी मी फक्त वाटपाच्या दाव्यात पाहिली आहे." 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा सगळा महाराष्ट्र विनोद करत होता, नाना एकटे गंभीर होते. ते म्हणाले, "हत्तीणीला बावीस महिने लागतात. तिच्या खालोखाल ही." बायको टीव्ही लावते आणि आपल्या कानावर पडतं, एवढाच संबंध असलेल्या माणसाने महिने मोजले कसे, हे मी उलटतपासात विचारलं. साक्षीदाराने पाणी मागितलं.

तसा पूर्वी नानांचा टीव्हीशी उघड संबंध होता, हे ते कबूल करतात. मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ला आणि त्यांच्या मते तो संपला 'चिमणराव' बंद झालं त्या दिवशी. त्यानंतरचं 'रामायण' ते धरत नाहीत. "ते बघणं नव्हे, दर्शन." १९८७-८८मध्ये दर रविवारी सकाळी त्यांच्या कल्याणच्या चाळीत एक टीव्ही आणि दाराबाहेर चाळीस चपला असत. पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा. खोलीत बसलेले "आलं" किंवा "गेलं" म्हणायचे, आणि ते वरच्याला ऐकू जात नसे म्हणून मधे जिन्यात एक माणूस उभा करावा लागे. तो माणूस म्हणजे नाना. "आलं... गेलं... थोडं डावीकडे... आलं!" युद्धाचे कितीतरी बाण त्यांनी असे जिन्यात उभं राहून पोचवले. चित्र त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नाही. ऐकायचं आणि पुढे सांगायचं, हे खातं तेव्हापासून त्यांच्याकडे आहे.

सकाळी गेटजवळच्या बाकावर हे खातं नियमित उघडतं. पूर्वी इथे रात्रीच्या भागाची चर्चा करायला सात-आठ जण असत. आता ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ज्याचं त्याचं काहीतरी चालू. एकजण कोरियन बघतो, एकाची वेबसिरीज सहाव्या भागावर आहे, म्हणून तो आधीच कानावर हात ठेवतो: "सांगू नका!" या दोन शब्दांनी नाना जितके दुखावतात तितके बढती हुकली तेव्हाही दुखावले नसतील. "सांगायचं नाही, तर बघायचं कशाला?" असं ते म्हणाले आणि घाईने दुरुस्ती केली, "म्हणजे, तुम्ही लोकांनी."

गेल्या वर्षी काकू महिनाभर लेकीकडे बंगळूरला गेल्या आणि नानांच्या बचावातला मुख्य खांबच काढला गेला. आता घरात टीव्ही लागला, तर तो लावला कोणी? पहिल्या रात्री साडेआठच्या सुमारास बेल वाजली. दारात नाना, हातात वाटी. "वहिनी, विरजण आहे का?" आईने टीव्हीवरची नजर न काढता "देते हं, ब्रेक होऊ दे" म्हटलं. नाना म्हणाले, "सावकाश."

दुसऱ्या दिवशी कढीपत्ता, तिसऱ्या दिवशी लाइट बिलाची शंका, चौथ्या दिवशी पुन्हा विरजण. आठवड्यात त्यांनी जितकं विरजण नेलं त्यात डेअरी निघाली असती. आम्ही म्हणायचो, "बसा ना नाना." ते बसत नसत. उपासाच्या दिवशी येता-जाता उभ्याने तोंडात टाकलेलं मोजायचं नसतं, तसंच उभ्याने बघितलेली सिरीयल ते हिशेबात धरत नाहीत. कपाटाला टेकून, आरोपीच्या पिंजऱ्यात असावेत तसे ते उभे राहत. 'ठरलं तर मग'मध्ये तेव्हा प्रिया खोटी तन्वी बनून वावरत होती आणि खरी तन्वी असलेल्या सायलीलाच पत्ता नव्हता, हा अन्याय ते वाटी घट्ट धरून सोसत. पुढच्या भागाची झलक संपली की म्हणत, "काय बघता वहिनी तुम्ही!" आणि जात.

मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई. बंगळूरहून फोन आलेला असे. "अगं, मी कुठे बघतोय, पण इथे वहिनींकडे चालू होतं... हां, तर ऐक." वीस-बावीस मिनिटांचा भाग नाना चाळीस मिनिटं सांगत. पुकारा करत, साक्षीदार बोलावत, आवाज बदलत. आणि एक गंमत होती. आम्ही बघितलेल्या भागात खलनायिका सुटायची, नानांच्या भागात तिला समन्स निघायचं. एका रात्री तर त्यांनी चक्क एक शिरस्तेदार घुसवला. तो शेवटच्या क्षणी न्यायाधीशांपुढे हरवलेला कागद ठेवतो.

काकू परत आल्यावर मी म्हटलं, "तिकडे मराठी चॅनल नसेल, पंचाईत झाली असेल तुमची."

"नसायला काय झालं? लेकीने मोबाईलवर लावून दिलं होतं. रोज बघायचे आणि मगच ह्यांना फोन करायचे."

"म्हणजे तुम्हाला सगळं आधीच माहीत असायचं?"

"सिरीयलमधलं माहीत असायचं," काकू म्हणाल्या. "ह्यांच्यातलं कुठे माहीत असायचं? तो शिरस्तेदार बाकी छान होता हं."

हा पुरावा मी नानांपुढे अजून आणलेला नाही आणि आणणारही नाही. काकू आल्या त्याच रात्री भिंतीपलीकडे नेहमीचं कामकाज सुरू झालं. शीर्षकगीत वाजलं, शब्दकोड्याचा पेपर सळसळला आणि नानांचा वैतागलेला आवाज आला:

"जरा मोठं कर तो आवाज! नीट ऐकू आलं नाही की उगाच बघावं लागतं."