राष्ट्रीय फुटबॉल संघासाठी परदेशी प्रशिक्षक कसा निवडावा

परदेशी प्रशिक्षकाची गरज साधारणपणे पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पन्न होते. भारतीय फुटबॉलच्या चांगल्या काळात ती नव्हती. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण जिंकले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्या ऑलिंपिकात ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळत असे. जून १९६३मध्ये रहीम कर्करोगाने गेले. पुढे इंग्लंडचे हॅरी राइट आले आणि १९६४च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. साहेब आणला की संघ वर जातो, हा सिद्धान्त येथून मांडता येतो. तो मांडताना संघ रहीम यांनी घडवलेला होता, ही बाब सोडून द्यावी.

गरज पटली की देश ठरवावा. माणूस नंतर पाहिला तरी चालतो. आजवर युगोस्लाव्हिया (मिलोवान चिरिच), हंगेरी (जोसेफ गेलेई), चेक प्रजासत्ताक (यिरी पेशेक) आणि उझबेकिस्तान (रुस्तम अक्रमोव) अशी फिरती झालेली आहे. त्यांपैकी अक्रमोव यांनी १८ वर्षांच्या बायचुंग भुतियाला १९९५मध्ये राष्ट्रीय संघात उतरवले आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत भारत फिफाच्या क्रमवारीत ९४वा होता. तीस वर्षे होत आली, तो आकडा अजून कोणाला गाठता आलेला नाही. म्हणून उझबेकिस्तानचे नाव बैठकीत सहसा कोणी काढत नाही. अलीकडे देश निवडण्याची पद्धत सोपी झाली आहे. नेदरलँड्स २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळले आणि २०१२मध्ये विम कूव्हरमान्स आले. क्रोएशिया २०१८च्या अंतिम सामन्यात खेळले आणि २०१९मध्ये इगोर श्टिमाच आले. स्पेनने १४ जुलै २०२४ रोजी युरो चषक जिंकला आणि २० जुलैला मानोलो मार्केझ यांची नेमणूक जाहीर झाली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण तारखा टिपून ठेवाव्यात. युरोपात पुढे कोण जिंकते त्यावर लक्ष ठेवले तर छाननी समितीचे अर्धे काम आधीच होते.

यानंतर जाहिरात. २०२५मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे सुमारे १७० अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी आणि खुद्द पेप गार्डिओला यांच्याही नावाचे अर्ज होते. झावी परवडणार नाहीत म्हणून त्यांचा अर्ज बाजूला ठेवला, अशी बातमी जगभर गेली. मग महासंघाला खुलासा करावा लागला की दोन्ही अर्ज खरे नव्हते. मोठ्या माणसाचा अर्ज आला तर आधी त्याला एक फोन करावा, परवडतो की नाही हे त्यानंतर ठरवावे.

मुलाखतीत उमेदवाराला पुष्कळ विचारता येते: खेळण्याची पद्धत कोणती, बचाव चौघांचा की तिघांचा, पूर्वी काय जिंकले. भारताचे एक माजी प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी १९७९मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. श्टिमाच १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघात खेळलेले होते. अशा नोंदी फायलीत शोभून दिसतात. पण उमेदवार उलट काही विचारणार नाही, याची काळजी घ्यावी. क्लब खेळाडू किती दिवसांसाठी सोडतील? लीगमध्ये गोल मारण्याच्या जागी बहुतेक परदेशीच खेळतात, तर भारतासाठी गोल कोण मारणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे सुनील छेत्री हे होते. जून २०२४मध्ये ते निवृत्त झाले आणि मार्च २०२५मध्ये चाळिशीत परत बोलावले गेले. परतल्यावर पहिल्याच सामन्यात, मालदीवविरुद्ध, त्यांनी गोलही केला. त्यामुळे नवा गोलंदाज शोधायची घाई उरली नाही. (फुटबॉलात गोल करणाऱ्याला गोलंदाज म्हणत नाहीत, हे क्रिकेट मंडळाकडून आलेल्या सदस्यांनी ध्यानात ठेवावे.)

निवडीचा सर्वांत नाजूक भाग करारनामा. तो समजून घ्यायला केज तालुक्यातील नांदूरघाटचा माणूस दिल्लीच्या माणसापेक्षा उपयोगी पडेल, कारण बीड जिल्ह्यात करार म्हणजे काय हे दर हंगामात कळते. ऊसतोडीला निघणारी जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेते. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फड सोडता येत नाही. एखादा दिवस आजारपणात गेला तरी खाडा धरून पैसे कापतात, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. परदेशी प्रशिक्षकाचा करार नेमका याच्या उलटा लिहावा. काम अर्धवट राहिले तर देणे मालकाच्या अंगावर यावे. ऑक्टोबर २०२३मध्ये श्टिमाच यांचा करार जून २०२६पर्यंत वाढवला, जून २०२४मध्ये त्यांना काढले आणि पुढे सुमारे ४ लाख डॉलरवर तडजोड झाली. नांदूरघाटच्या एखाद्या मुकादमाने हा कागद वाचला असता तर सही करण्याआधी त्याने दोनदा पान उलटून पाहिले असते.

नेमणुकीनंतर संघनिवड येते. येथे प्रशिक्षकाच्या ज्ञानाला स्थानिक शास्त्राची जोड देता येते. जून २०२२मध्ये कोलकात्यात आशिया चषकाची पात्रता फेरी झाली. त्या वेळी श्टिमाच यांनी खेळाडूंची नावे एका ज्योतिषाला कळवून सल्ला घेतला, असे वृत्त सप्टेंबर २०२३मध्ये वृत्तपत्रांत आले. कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग या तिघांनाही भारताने हरवले होते, त्यामुळे शास्त्राला बाध येत नाही. जानेवारी २०२४मध्ये मुख्य स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याशी तिन्ही सामने हरले आणि एकही गोल झाला नाही. तेव्हाचे ग्रहमान उपलब्ध नाही.

प्रशिक्षकाला वेळ किती द्यावा, याबाबत दोन मते आहेत. हॉटन यांना लांबलचक शिबिरे मिळाली. त्यांनी २००७ व २००९चा नेहरू चषक आणि २००८चा एएफसी चॅलेंज चषक जिंकला आणि संघाला २७ वर्षांनी, २०११मध्ये, आशिया चषकात नेले. तिथे तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या खेपेत संघ मार्च २०१५मधील १७३व्या क्रमांकावरून जुलै २०१७मध्ये ९६वर आला. दुसरे मत असे की वेळ द्यायची गरजच नाही. मार्केझ यांनी राष्ट्रीय संघ आणि एफसी गोवा दोन्ही एकाच वेळी सांभाळले. त्या वर्षी त्यांनी गोव्याला सुपर कप जिंकून दिला आणि भारताला आठ सामन्यांत एक विजय. माणूस तोच असल्यामुळे प्रशिक्षकाची निवड चुकली असे म्हणता येत नाही. संघाची निवड चुकली असावी.

परदेशी प्रशिक्षकाचा खरा उपयोग तो जाताना कळतो. ११ जून २०२४, दोहा. लालियानझुआला छांगतेच्या गोलमुळे भारत कतारविरुद्ध १-०ने पुढे होता आणि विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी दिसू लागली होती. ७३व्या मिनिटाला भारताचा गोलरक्षक गुरप्रीत याने हेडर अडवला. चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलरेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात ढकलला. भारतीय खेळाडू हात वर करून थांबले होते. पंचांनी गोल दिला. चित्रफीत पाहून निर्णय बदलायची सोय त्या सामन्यात नव्हती. भारत १-२ हरला आणि सहा दिवसांनी श्टिमाच गेले. त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवले नसते, तर हे सगळे एका चेंडूवर आले नसते. हा मुद्दा महासंघाने आपल्या पत्रकात घेऊ नये. जाणारा माणूस जाताना बरेच बोलतो, पण तो झाग्रेबहून बोलतो. त्याच्या जागी गावातला माणूस असता तर तो रोज दारात उभा राहिला असता.

देशी प्रशिक्षकाचा पर्यायही आहे, पण तो तिजोरी रिकामी झाल्यावरच काढावा. २०११-१२मध्ये गोव्याचे आर्मांदो कोलासो आणि नंतर साव्हियो मेदेइरा यांना तो मान मिळाला. मेदेइरांच्या संघाने २०११ची सॅफ स्पर्धा जिंकली. तरी पुढे कूव्हरमान्स आले. त्यानंतर एकदम १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची नेमणूक झाली. त्यांनी अनेक वर्षे मुंबई एफसी चालवला आणि २०१७मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. देशातील अव्वल लीग होणार की नाही हेच त्यांच्या नेमणुकीच्या वेळी ठरलेले नव्हते, आणि पहिल्याच स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरी मध्य आशियातील त्या स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७चा आशिया चषक हुकला.

शेवटी दप्तराविषयी. जुने अर्ज फेकू नयेत. २०२५च्या अंतिम तिघांत जमील आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान टार्कोविच यांच्यासोबत तिसरे नाव कॉन्स्टंटाइन यांचेच होते. २००२ ते २००५ आणि २०१५ ते २०१९ अशा दोन खेपा त्यांनी आधीच केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा पत्ता, पासपोर्टची प्रत आणि बँकेचा तपशील कार्यालयात तयारच असेल.