खुर्द हाताची बुद्रुक साथ

एकाच नावाची दोन गावे असली, म्हणजे थोरल्यास बुद्रुक आणि धाकट्यास खुर्द म्हणण्याचा प्रघात आहे. अंदर मावळातील टाकवे बुद्रुक याच न्यायाने थोरले ठरते, आणि टाकवे खुर्दही मावळ तालुक्यातच नांदते. विजेवर चालणाऱ्या ऑर्गनचीही वाटणी अशीच होते. कंपनी कोणतीही असली, तरी महाराष्ट्र ज्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतो, त्या वाद्यावरील स्वयंचलित साथीचे बटण दाबताच 61 पट्ट्यांपैकी डावीकडच्या साधारण दीड सप्तकाचा सातबारा वेगळा निघतो, आणि उरलेले बुद्रुक उजव्या हाताला चाल वाजवण्यासाठी मिळते.

या खुर्दात एक बोट टेकवले, की यंत्र त्या स्वरावर 'कॉर्ड', म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांचा संघात, उभा करते, त्याच्या बुडाशी 'बेस', म्हणजे खर्जात चालणारी स्वरांची ओळ, घालते आणि वर ताल धरते. वादन न शिकलेल्यालाही घरबसल्या वाद्यवृंदाचा थाट मिळावा, ही हौस जुनी असून अमेरिकेतील हॅमंड कंपनीने 1950 साली काढलेल्या 'कॉर्ड ऑर्गन'मध्ये डाव्या हाताच्या एकेका बटणात अख्खी कॉर्ड भरलेली होती. शास्त्रात ज्याला रियाझ म्हणतात, त्याला येथे बटण म्हणतात.

अडचण उद्भवते ती हे यंत्र भजनास बसते तेव्हा. समजा, अभंगाची चाल भूप रागात आहे. भूपात सा, रे, ग, प आणि ध एवढे पाचच स्वर, मध्यम आणि निषाद यांना शिवेवरच थांबवलेले. आता डाव्या बोटाने साधा रिषभ दाबावा, तर यंत्र त्यासोबत तीव्र मध्यम आणते. गांधार दाबल्यास कोमल धैवत आणि निषाद येतात, पंचमाबरोबर पुन्हा निषाद हजर होतो, आणि धैवतासोबत चक्क कोमल रिषभ मांडवात शिरतो. पाचांपैकी एकटा षड्जच काय तो घरच्या माणसांनिशी येतो. काही वाद्यांत मूळ पट्टीच्या डावीकडची सर्वांत जवळची काळी पट्टी जोडीने दाबली, तर कॉर्ड 'मायनर', म्हणजे मधला स्वर अर्ध्या सुराने उतरलेली, होते आणि धैवताचे बिऱ्हाडही भूपात सामावते. परंतु ही युक्ती वादकास ठाऊक होईपर्यंत हरिपाठ संपलेला असतो.

याउलट पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापून जो खर्ज काढला जातो, त्यास ना मायनर कळते ना मेजर. त्याला बुवा कळतात. बुवा चरण विसरले, तर पखवाजी लग्गी लावून त्यांना आठवायला अवकाश देतो. टाळकरी चढले, तर ठेका चढतो. यंत्र मात्र आज्ञा तंतोतंत पाळते आणि ऐकत काहीच नाही, त्यामुळे चुकलेल्या बोटालाही ते पूर्ण वाद्यवृंदानिशी पाठिंबा देते. संगत आणि साथ यांतील भेद कोशांत सहसा सापडत नाही; तो येथे सापडतो. आणखी गंमत अशी, की वादकाने घाम पुसण्यासाठी डावा हात उचलला, तरी शेवटची कॉर्ड ठेक्यासह चालूच राहते, आणि आपल्यावाचून काही अडत नाही हे सत्य त्यास भर भजनात कळते.

तथापि थोरले कोण आणि धाकटे कोण, याचा निवाडा मावळचा पाऊसच करतो. वीज जाते, ऑर्गनमध्ये घालायचे सेल टॉर्चमध्ये गेलेले असतात, आणि अंधारात दीड सप्तकाच्या खुर्दासह सगळे बुद्रुक गप्प होते. मग ऐकू येतात ते टाळ, बुवांचा किंचित चढलेला सूर आणि त्याच्या मागोमाग चालणारा, कणकेचा खर्ज.