ट्रॅक्टरपारखी आबा

विहिरीची जागा दाखवणारा पानाड्या, बैलाचे दात पाहून वय सांगणारा हेड्या आणि भावकीच्या वाटपात मधली रेघ ओढून देणारा पंच, ही तीन माणसे ज्या तालुक्यात नाहीत तो तालुका अद्याप महाराष्ट्रात सामील व्हावयाचा आहे असे खुशाल समजावे. परंतु गेल्या दोन पिढ्यांत या त्रयीत एका चौथ्या अधिकारी पुरुषाची भर पडली असून त्याची दखल ना कोणत्या गॅझेटिअरने घेतली आहे, ना कोणा समाजशास्त्रज्ञाने. बांधाच्या कडेला, बाभळीच्या विरळ सावलीत, वर्षानुवर्षांचे पावसाळे अंगावर घेत थांबलेला जुना ट्रॅक्टर पुन्हा उभा करण्याच्या लायकीचा आहे की भंगाराच्या काट्यावर चढवण्याच्या, याचा निवाडा हा पुरुष करतो. कोठे त्याला नाना म्हणतात, कोठे अण्णा, कोठे नुसतेच मास्तर. आपण सोयीसाठी आबा म्हणू.

आबांच्या अधिकाराचे मूळ नेमके कोठे, याविषयी गावात एकवाक्यता नाही. कोणी म्हणतो ते साखर कारखान्याच्या वाहन विभागात होते, कोणी म्हणतो बांधबंदिस्तीच्या सरकारी बुलडोझरवर होते. आणि स्वतः आबा या दोन्ही वार्तांपैकी एकीचाही इन्कार करीत नसल्यामुळे दोन्ही ठिकाणची नोकरी, आणि तिजबरोबर दोन्ही ठिकाणचा अनुभव, त्यांच्या खाती जमा आहे. पोशाख म्हणाल तर पांढराशुभ्र लेंगा, तसाच सदरा, टोपी. आणि सदऱ्याच्या खिशात चष्मा, छोटी बॅटरी व दोऱ्याला बांधलेले एक लोहचुंबक. इतक्या स्वच्छ पोशाखात ट्रॅक्टर पाहावयास निघालेल्या माणसाला यंत्रातले काय कळत असेल, अशी शंका नवख्याला येते. परंतु तेलात हात घालणारा तो मिस्त्री, आणि कोणी, कोठे व किती खोल हात घालावा हे सांगणारा तो पारखी, हा भेद आबांनी आयुष्यभर कटाक्षाने पाळला असून, त्यांच्या लेंग्यावर ग्रीसचा डाग पाहिल्याची साक्ष द्यावयास आजवर एकही इसम पुढे आलेला नाही.

आबांना बोलावणे जाते ते बहुधा घरात तीन पक्ष पडल्यानंतर. पहिला पक्ष घरातल्या म्हाताऱ्याचा. भूविकास बँकेचे कर्ज काढून, सातबाऱ्यावर बोजा चढवून ज्याने एके काळी हा ट्रॅक्टर हार घालून वेशीतून आणला, त्याच्या मते ट्रॅक्टरला काहीएक झालेले नाही. थोडे काम निघाले होते, तेवढ्यात सुगी आली आणि राहून गेले. ही सुगी कोणत्या सालची, हा प्रश्न घरात कोणी विचारीत नाही. दुसरा पक्ष मुलाचा. त्याच्या डोक्यात पॉवर स्टिअरिंगचा नवा ट्रॅक्टर घोळत असतो व जुन्याच्या लोखंडाचे जे पैसे येतील ते नव्याच्या पहिल्या भरण्यात घालण्याचा मनसुबा त्याने भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलेला असतो. तिसरा पक्ष घरधनिणीचा. तिला इंजिनाशी कर्तव्य नसते आणि लोखंडाशीही नसते. ट्रॅक्टरने अडवलेली जागा सरपणासाठी हवी असते. मात्र हत्यारपेटीत बसणाऱ्या कोंबडीची दुसरी सोय लागेपर्यंत तिनेही निकराची भूमिका घेतलेली नसते. असा हा तिढा सोडवण्याची कोणाचीच इच्छा नसली की त्रयस्थ माणसाची गरज भासते, आणि मुलाला मोटारसायकल घेऊन आबांकडे धाडले जाते.

आबा आले की प्रथम काहीच बोलत नाहीत. हात मागे बांधून ते ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा घालतात आणि ती पुरी झाली की त्याची कुळी सांगू लागतात. कारण कुळी ठाऊक नसता निदान करणे हे त्यांच्या मते वैदूचे काम. आपण ज्याला आजवर नुसता ‘तांबडा’ म्हणत आलो तो मॅसी फर्ग्युसन असल्याचे, आणि त्याचा आजा इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडलेला राखी रंगाचा फर्ग्युसन असल्याचे घरच्यांना त्या दिवशी प्रथमच कळते. औजार मागून नुसते फरफटत न नेता तीन सांध्यांवर पेलायचे आणि हायड्रोलिकच्या जोराने उचलायचे ही हॅरी फर्ग्युसनची युक्ती. ती आता प्रत्येक कंपनीच्या ट्रॅक्टरमागे दिसत असल्यामुळे सर्व ट्रॅक्टर त्याचे ऋणी आहेत, हेही ओघात येते. मग फरीदाबादेस २४ एप्रिल १९५९ रोजी बाहेर पडलेला पहिला देशी आयशर, १९६० साली मद्रासेत स्थापन झालेली टॅफे, १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी केलेली भागीदारी व तिच्यातून आलेला बी-२७५, पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून घडलेला एच. एम. टी., १९७४ साली पंजाबात दुर्गापूरच्या संशोधकांच्या आराखड्यावर उभा राहिलेला स्वराज, अशी सगळी घराणी एकामागून एक अंगणात हजेरी लावून जातात. मुलाला जांभया येतात. म्हातारा मात्र ताठ होत जातो.

या वंशावळीत केवळ पांडित्य आहे असे समजणे चूक होईल, कारण खरा व्यवहार तिच्यातच दडलेला असतो. ज्या मॉडेलची संतती अद्याप बाजारात नांदते आहे, त्या मॅसीच्या १०३५ च्या किंवा महिंद्रांच्या २७५ च्या रिंगा, लायनर, क्लचप्लेटा तालुक्याच्या दुकानात फळीवर ठेवलेल्या असतात. ज्याचा वंश खुंटला, त्याच्या एका दातेरी चाकासाठी मालकाला चार जिल्ह्यांतील भंगारबाजार पालथे घालावे लागतात. एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, तेव्हा झेटरवाल्या घरांचे सांत्वन करण्यासाठी आबा स्वतः होऊन गेले होते, असे सांगतात.

प्रत्यक्ष परीक्षेतील पहिला प्रश्न ट्रॅक्टरला नसून मालकाला असतो. “बापू, सायलेन्सरवर डबा घातला होता का?” सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून उभा. त्यावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला नसेल तर मृगापासून पडलेले पाणी सरळ खाली उतरून, ज्या सिलिंडरची झडप उघडी राहिली असेल त्यात साचते आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजाने चिकटवून टाकते. डबा असल्यास आबांची मुद्रा उजळते. नुसती चिंधी कोंबलेली असल्यास ‘मध्यम’ असा शेरा मिळतो. आणि काहीच नसल्यास ते चष्म्यावरून म्हाताऱ्याकडे एकदाच पाहतात व त्या पाहण्यात सर्व अभिप्राय येऊन जातो.

मग पंखा धरून इंजिन फिरते का हे पाहिले जाते, आणि बहुधा ते फिरत नाही. मुलाचा पक्ष येथे विजयाच्या जवळ येतो. परंतु आबा हात वर करतात. “जाम झालंय. मेलं नाही.” नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतायचे, आठ-पंधरा दिवस स्वस्थ बसायचे आणि नंतर नोझल बाहेरच ठेवून, मोठ्या गिअरमध्ये टाकून, मागले चाक हलक्या हाताने पुढे-मागे करायचे, हा त्यावरचा उपाय. यांतील ओतणे कोणालाही जमते, चाक हलवणेही जमते. जमत नाही ते स्वस्थ बसणे. चुलत्याच्या ट्रॅक्टरला साखळी बांधून पहिल्याच दिवशी ओढून काढण्याच्या उत्साहात कित्येकांचे कनेक्टिंग रॉड वाकले आहेत, व अशा वाकलेल्या रॉडांची नामावळी आबांना गाववार पाठ आहे.

त्यानंतर ऑइलचा खालचा बोल्ट सैल करावयाचा; पाणी जड असल्यामुळे ते साचले असेल तर आधी तेच बाहेर येते, आणि ऑइल दुधाळ निघाले तर गॅस्केट, हेड किंवा सर्वांत वाईट म्हणजे ब्लॉक, यांपैकी कोणावर तरी आळ घ्यावा लागतो. मग खिशातले लोहचुंबक निघते. गिअरबॉक्सच्या तोंडातून ते दोऱ्याने खाली सोडून वर काढले की सगळे घर त्यावर वाकते. “भुगा आला तर वय, तुकडा आला तर रोग,” हे आबांचे सूत्र. रंग, गादी, दिवे यांकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. बाजारात फसवणूक तेथूनच सुरू होते असे त्यांचे मत आहे. उलट काय शिल्लक आहे याहून काय गेले आहे हे ते बारकाईने पाहतात. रेडिएटर, डायनॅमो आणि डिझेल पंप चोरीला गेले असतील तर ती एक प्रकारे शिफारस होय. चोरही पारखीच असतो, आणि त्याने जागेवर सोडलेली वस्तू बहुधा सोडण्यासारखीच असते.

येथवर आबा जे बोलतात त्यात तिळमात्र असत्य नसते. यंत्राच्या बाबतीत ते कोणाची भीड धरीत नाहीत, आणि जमाखर्चाच्या बाबतीतही नाही. ओसरीवर बसून ते अंदाजपत्रक सांगू लागले, आणि १२.४-२८ या मापाच्या मागल्या दोन टायरांपाशी आले, की उत्साही मंडळींपैकी निम्मी गोठ्याकडे पाहू लागतात. पंपाचे काम, क्रँक घासणे, नवी बॅटरी इतके झाल्यावर उरलेलीही पाहू लागतात. त्यावर कागदपत्रांचा मुद्दा निघतो. आर. सी. बुक आजोबांच्या नावे, नंबर ‘एम. एच.’ची मालिका सुरू होण्यापूर्वीचा, बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला नाही, आणि वारसनोंद शेताची झाली, ट्रॅक्टरची राहिली. “भंगार असेतो वस्तू एकट्याची असते,” आबा बजावतात, “पारख झाली की चुलते निघतात.” आणि खरोखरच, तोपर्यंत नुसताच उभा असलेला एक चुलता या वाक्यावर खाली बसतो.

अशा रीतीने पुरावा संपूर्णपणे एका बाजूला झुकल्यावर कोणीही न्यायाधीश जो निकाल देईल, तो आबा देत नाहीत. ते चहाची वाट पाहतात. चहा आला, बशीत ओतला गेला, दुसऱ्यांदा ओतला गेला, आणि मग त्यांनी टोपी सारखी करून म्हटले, “ठेवण्यासारखा आहे, पण असाच ठेवण्यासारखा नाही.” या वाक्याची मखलाशी सावकाश ध्यानात येते. म्हाताऱ्याला पूर्वार्ध पुरतो, मुलाला उत्तरार्ध. आणि ‘असाच’ याचा अर्थ ‘याच जागी’ असा घेऊन घरधनीण सरपणाची मोळी कोठे लावायची हे मनातल्या मनात ठरवून टाकते. तिन्ही पक्ष जिंकतात, कोणाचे एक पैचे नुकसान होत नाही, आणि ट्रॅक्टर पूर्वीच्याच जागी, पण आता रीतसर विचाराधीन म्हणून, उभा राहतो. आपल्याकडे वस्तू निरुपयोगी झाली म्हणजे माणसाला कमीपणा येतो, विचाराधीन असली म्हणजे येत नाही. हा दर्जा बहाल करण्याचा अधिकार मामलेदारालाही नाही, तो आबांना आहे, म्हणून त्यांना बोलावणी येतात. पारखीने निर्णय घ्यावा अशी कोणाची अपेक्षाच नसते. प्रश्न अवघड होता, असे जाणत्याने चारचौघांत सांगावे, एवढीच असते.

या कारकिर्दीत एकदाच खंड पडला. एका घरी झेटर २५११ पाहावयाचा होता. ऊन कडक होते, म्हशीने दूध चोरले होते, आणि परीक्षा, अंदाजपत्रक, कागदपत्रे सर्व आटोपूनही चहा येण्याचे चिन्ह दिसेना. अखेर आबा उठले आणि चपला पायात सरकवीत, कोणाचेही समाधान होणार नाही अशा स्वच्छ मराठीत म्हणाले, “बापू, भंगारात घाला. वजनाला बरा भरेल.”

म्हातारा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी नोझल निघाली, डिझेल ओतले गेले, आणि त्या घराच्या इतिहासात प्रथमच पंधरा दिवस खरोखर स्वस्थ बसणे घडले. पंप एका भंगारबाजारात मिळाला, लायनर दुसऱ्यात, आणि जो मुलगा भंगारवाल्याशी बोलून आला होता तोच आता “आमच्या ट्रॅक्टरला वजनाची भाषा?” असे म्हणत रात्री बॅटरीच्या उजेडात हेड आवळू लागला. दसऱ्याला आपट्याची पाने आणि झेंडूची माळ घातलेला तो झेटर, काळ्या धुराचे लोट सोडीत, आबांच्या दारावरून गेला. वाट वाकडी करून गेला, आणि परत येतानाही तेथूनच आला.

गावाला वाटले, आबांचा अधिकार संपला. आबा मात्र ओट्यावरून तो धूर डोळे बारीक करून पाहत होते. “नोझल अजून थोडी तपासायला पाहिजेत,” ते म्हणाले; आणि मग जमलेल्यांकडे वळून, “काही ट्रॅक्टर पान्याने सुरू होतात, काही अपमानाने. कोणाला काय लागू पडेल हे ओळखायचं, तीच तर पारख.”

त्यांचा अधिकार तिळभरही कमी झाला नाही. बोलावणी पूर्वीसारखीच येतात, निकाल पूर्वीसारखाच मिळतो. फक्त, ज्यांना आपला ट्रॅक्टर मनापासून चालू करावयाचा आहे अशी काही घरे हल्ली आबांना चहा विचारीत नाहीत.