क्यूआर मामा

सेनगाव तालुक्यात गावागणिक एक तरी माणूस असा सापडतो, ज्याच्या खिशात नवं तंत्रज्ञान तालुक्याच्या आधी पोचतं. आमच्याकडचे मामा त्यातले. सात-बाऱ्यावर त्यांचं रीतसर नाव आहे, पण तलाठ्याशिवाय ते कुणाला आठवत नाही. सगळे त्यांना क्यूआर मामाच म्हणतात.

ठिबक आलं तेव्हा मामा ठिबकचे होते, गांडूळखत आलं तेव्हा गांडुळांचे. गांडुळं कोंबड्यांनी वेचली, टाक्यात आता मामी सरपण ठेवतात. मग मामा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना पिशवी, पेन, टोपी आणि ब्लॉकचेन घेऊन आले. पेन नातवानं हरवला, टोपी बुजगावण्याच्या डोक्यावर गेली. ब्लॉकचेन मात्र मामांच्याच डोक्यात राहिली.

तहसीलसमोरच्या टपरीवर ते ती समजावून सांगतात. "हे बग, फेरफाराची वही असती का न्हाई? तसंच. पर हितं वही एका कपाटात न्हाई, शंभर कपाटांत. एकानं आकडा फिरवला की बाकीचे नव्व्याण्णव बोंबलत्यात!"

"मंग वारसाची नोंद किती दिसांत व्हती तिच्यात?" असं कुणी विचारलं की मामा दुसरा चहा मागवतात.

खरं सांगायचं तर मामा चुकीचं काहीच बोलत नाहीत, आणि हीच गावाची अडचण आहे. राज्य वखार महामंडळानं गोदामाच्या पावत्या खरोखरच ब्लॉकचेनवर घेतल्या आहेत. एकाच पावतीवर दोन बँकांचं कर्ज उचलण्याची जुनी कला त्यामुळे अवघड झाली. नाशिककडच्या द्राक्षाला तर शेतमालाची निर्यात बघणाऱ्या 'अपेडा'नं २००६ सालीच ग्रेपनेट लावलं. युरोपात पेटीत औषधाचा अंश जादा सापडला तर बाग कुणाची, ते शोधता येतं. ती ब्लॉकचेन नव्हती, पण हेतू तोच. आता राज्याच्या २०२५ ते २०२९ च्या कृषी-एआय धोरणातही माल कुठून आला ते दाखवणारी ब्लॉकचेन आणि क्यूआर आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या दिवशी तर मामांनी असे पेढे वाटले, जणू अर्ज त्यांनीच केला होता.

ई-पीक पाहणीचा हंगाम आला की मामांना भेटावं ते बांधावर. फोटो सोयाबीनचा काढायचा असतो, तरी मामा इस्त्रीचा सदरा घालून जातात. आपल्याच गटात उभं राहिल्याशिवाय नोंद होत नाही आणि डोंगराच्या अंगाला रेंज नाही. म्हणून मामा मोबाइल डोक्यावर धरून धुऱ्याधुऱ्यानं फिरतात. शेजारी विचारतो, "मामा, वावर हरपलं का काय?" म्हशीच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मामांच्या आधी आला, हे शल्य त्यांना अजून आहे.

तर यंदा एका शेतकरी कंपनीनं हळदीच्या पोत्यांवर ब्लॉकचेनला जोडलेला क्यूआर लावायचं ठरवलं. बेणं कोणतं, खत काय, फवारणी कधी, शिजवली कधी, वाळवली किती दिवस, सगळं शेतकऱ्यानं भरायचं. मामांनी मामींना विचारून विचारून भरलं, कारण कढईपाशी उभ्या मामीच असतात. फक्त 'शेणखत' हा रकाना आला तेव्हा मामी पाण्याला गेल्या होत्या. रासायनिक खत कमी दिसलं तर परदेशी गिऱ्हाईक खूश होतं, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी दोन एकरांना चाळीस गाड्या शेणखत लिहिलं.

पोती हिंगोलीच्या मार्केट यार्डात गेली. मामांनी व्यापाऱ्यापुढे मोबाइल धरला. व्यापाऱ्यानं पोत्यातली एक कांडी उचलली, कटकन मोडली, आतला रंग बघितला, भाव सांगितला. क्यूआरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ते पाहिलं मामांच्या पुतण्यानं, टपरीवर, सगळ्यांदेखत, आणि मोठ्यानं वाचलं. "चाळीस गाड्या? मामा, म्हैस एक. दिसाला पंधरा-वीस किलो शेण धरलं तरी वरसाला खताच्या सात-आठ गाड्या भरतील. बाकी कुठून, सासुरवाडीहून?"

मामांनी कंपनीच्या पोराला फोन लावला. पोरगं म्हणालं, "काका, खोडता येत नाही. दुरुस्तीची नवी नोंद टाकू. पण आधीची चाळीसबी दिसत राहीन."

मामी चुलीपाशी होत्या. "लबाड्या तर आदीबी करायचे," त्या म्हणाल्या, "पर सांजच्याला इसरून तरी जायचे लोक."

दुरुस्ती टाकणं मामांच्या स्वभावात नाही. त्यांनी दुसरा मार्ग धरला. गेल्या पंधरवड्यापासून ते गाडी जुंपून दारोदार शेणखत विकत घेत फिरताहेत. गेल्या सालच्या रकान्यात यंदाचं खत कसं बसणार, असं विचारलं तर म्हणतात, "वावर तर तेच हाय ना?" एकोणतीस गाड्या पडल्या आहेत. पुतण्यानं सगळ्यांना हिशेब सांगून ठेवलाय की मामांना अजून अकरा लागतात, आणि परवापासून गावात शेणखताचा भाव गाडीमागं दोनशेनं चढलाय.