इन्स्पेक्शनचे तात्या

ओझरमध्ये विमानाची घरघर ऐकून मान वर करतो तो पाहुणा समजावा. १९६४ साली इथे मिगचा कारखाना आला, पुढे सुखोई आले आणि उडणाऱ्या वस्तूंचं गावाला अप्रूप उरलं नाही. उद्या उडती तबकडी आली, तरी 'टेस्ट फ्लाइट असेल' म्हणून लोक चहा पीत राहतील. अशा गावात आमचे तात्या परग्रहवासीयांच्या मागावर आहेत.

मागावर म्हणजे तपासणीवर. तात्यांची सगळी नोकरी मिगच्या इन्स्पेक्शनमध्ये गेली. रिव्हेट तिरका दिसला की माल परत! रिटायर झाल्यावर त्यांनी गच्चीवर जुनी मोठी डिश बसवली, पोराकडून पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर मागवला आणि विश्वाची इन्स्पेक्शन सुरू केली. ऐकायचं १४२० मेगाहर्ट्झवर. हायड्रोजन सगळ्या विश्वात भरलेला, आणि त्याची रेडिओलहर नेमकी इथली. तेव्हा कुठल्याही ग्रहावरच्या शहाण्याला हा आकडा ठाऊक असणारच. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेकने याच आकड्यावर दोन तारे ऐकले. तात्यांचा शेरा : 'सॅम्पल अपुरं.'

१५ ऑगस्ट १९७७चं नाव काढलं की मात्र ते भडकतात. त्या रात्री ओहायोतल्या दुर्बिणीला ७२ सेकंदांचा जबरदस्त सिग्नल मिळाला. पुढे कागद तपासणाऱ्या शास्त्रज्ञाने लाल शाईने शेजारी लिहिलं, 'वॉव!' "वॉव हा काय शेरा झाला? पास लिहा, नाहीतर रिजेक्ट लिहा!" तो सिग्नल पुन्हा कधी आला नाही, म्हणून तात्यांनी तो रिजेक्ट करून टाकला आहे.

त्यांचं खरं दैवत ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवरचे लोक. तिथे १९९८पासून अधूनमधून एक चमत्कारिक सिग्नल मिळायचा. २०१५ साली त्याचा उगम सापडला : वेळ संपण्याआधीच दार उघडलेला तिथलाच मायक्रोवेव्ह ओव्हन. "स्वतःच्या स्वयंपाकघरापर्यंत चौकशी नेली! याला म्हणतात इन्स्पेक्शन." तेव्हापासून काकूंचा मिक्सर संशयित आहे. काकू म्हणतात, "एवढ्या लांबून पाहुणे यायचे, तर चटणी नको वाटायला?"

एकदा अष्टविनायकाच्या बसमधून तात्या जुन्नरकडच्या ओझरला गेले. मंडळी विघ्नहराच्या रांगेत लागली आणि हे रिक्षा करून खोडदला. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण : ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पण तात्यांचा जीव अडकला जाळीत. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी जाळी. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. ही शास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांची युक्ती. तात्यांनी कुंपणाबाहेरून बराच वेळ ती न्याहाळली आणि म्हणाले, "पास." इतकं कौतुक त्यांनी जावयाचंही केलेलं नाही.

त्यांच्या रजिस्टरात बाकी सगळं रिजेक्ट आहे : मोबाइल टॉवर, शेजारचा एलईडी दिवा, विमानं तर कित्येक. एकच नोंद अजून उघडी आहे. रात्री दोनच्या सुमारास दहाव्या मैलाच्या बाजूने खरखर येते. तात्यांचा संशय, रात्रीची लाइट आली की आपोआप सुरू होणारी कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार. तिकडच्या द्राक्षबागायतदारांनी आपापले स्टार्टर एकदा तपासून तात्यांना कळवावं. शक्यतो लेखी.