राजोडीचं 'राज'
नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राकाठी वसलेल्या राजोडीच्या नावात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, तीन. संगणक सहा म्हणतो. त्याच्या लेखी काना, ओकार, वेलांटी यांचे सातबारे वेगळे.

आता जावा या संगणकभाषेला सांगा, या नावाची ० ते ३ अशी सबस्ट्रिंग, म्हणजे तुकडा, काढ. हाती येतं 'राज'. मोजणी शून्यापासून, सुरुवातीचा आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा. र, काना आणि ज आत. तीन नंबरचा ओकार बाहेर. उरलेला तुकडा मागाल तर तो ओकार ठिपक्यांच्या गोलाला धरून लोंबकळतो: '◌ोडी'. निवडणुकीच्या तोंडावर नुसत्या 'राज'चा फलक झळकला तर एक पक्ष खूश, बाकीचे पोलीस ठाण्यात.

शेवट सोडण्यात कंजूषपणा मात्र नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली टिपण लिहून या रीतीची बाजू घेतली. शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी मिळते, आणि शेजारचे तुकडे एकमेकांच्या हद्दीत न घुसता जुळतात. वसईच्या जमीनमोजणीत हे कुणी आणलं असतं तर किती वकील उपाशी मेले असते!

आकडा हद्दीबाहेर गेला की जावा बोंब ठोकते. पायथॉन असेल तेवढं मुकाट्याने वाढतो. जावास्क्रिप्टची 'सबस्ट्रिंग' तर आकडे उलटे दिले तरी गुपचूप अदलाबदल करून घेते. तिची बहीण 'सबस्ट्र' दुसऱ्या आकड्याला शेवट नव्हे, लांबी समजते. हिला वापरू नका, असं हल्ली सांगतात. जुन्या कोडमधून ती हलायला तयार नाही.